मूठभर गोंद्रे

मागच्या महिन्यात म्युनिकहून एका अनोळखी मुलीचा फोन आला. तिच्या बाबांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली होती, रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली होती आणि कुणाकडून तरी तिला माझा नंबर मिळाला होता. "काकू, आम्ही पथ्य एकदम कडक पाळतो," ती अभिमानाने म्हणाली. "घरात हिरवं पान येऊ देत नाही. कोथिंबीरसुद्धा बंद." कोथिंबिरीशिवाय पोहे खाणाऱ्या त्या बाबांची मला इतकी दया आली की मी बराच वेळ बोलत बसले. शेवटी ती म्हणाली, "हे लिहून का काढत नाही तुम्ही?"

म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळी किती घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला नको. पण झडप, गोळी, पालेभाजी आणि सासू एका घरात आल्या की काय होतं, ते मी जवळून पाहिलेलं आहे. त्यातल्या सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, त्यामुळे आता हे लिहिताना मधेच थांबावं लागतं.

दारावरच्या पाट्या

आम्ही तेव्हा रेगेन्सबर्गला राहत होतो. माझा नवरा मिलिंद गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, मी एका छोट्या ऑफिसात अर्धा दिवस संगणकावर कॅडची ड्रॉइंग्ज करायची आणि आमची सई पहिलीत. घर जुन्या गावात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घर घेताना आम्ही त्या लाकडी जिन्यावर फिदा होतो. त्या हिवाळ्यात मात्र प्रत्येक मजल्यावर थांबून मी शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचायला लागले. पाट्या मला पाठ होत्या. दम लागलाय हे सईला कळू नये म्हणून ते नाटक होतं.

आमचे हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, बारीक अंगाचे, अबोल गृहस्थ. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. मग विचारलं, "लहानपणी कधी खूप दिवस ताप आला होता का? सांधे दुखत होते?" आला होता. नाशिकला तिसरीत असताना एका गुडघ्यातून दुसऱ्या गुडघ्यात उडी मारणारं ते दुखणं आईने लसणीचं तेल चोळून बरं केलं होतं. म्हणजे बरं झालं असं आम्हाला वाटलं होतं. त्या तापाने हृदयाची एक झडप कायमची खराब करून ठेवली होती आणि मी तिला घेऊन लग्न केलं, बाळंतपण केलं, देश बदलला.

हृदयाच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. झडप उघडत होती, पण मनापासून नाही. ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. मी "जा, जा, गेनाऊ", म्हणजे हो, हो, बरोबर, असं म्हणत सगळं ऐकून घेतलं, बाहेर आले आणि सईचे बर्फातले बूट घ्यायचे राहिलेत म्हणून सरळ दुकानात गेले. बुटांचे पैसे देताना मला रडू फुटलं. दुकानातल्या बाईला वाटलं बूट महाग वाटले.

मिलिंदला पार्किंगमध्ये सांगितलं. तो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला, मग म्हणाला, "कुठल्या बाजूची?" मी इतकी चिडले की विचारू नका. आज कळतं, त्याच्याकडे घाबरायची तेवढी एकच पद्धत होती.

टिकटिक

झडप धातूची बसवायची की प्राण्याची, असा प्रश्न आला. प्राण्याची काही वर्षांनी बदलावी लागते. धातूची आयुष्यभर टिकते, पण मग तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळीही आयुष्यभर. टिकाऊ भाग म्हटल्यावर मिलिंदचं मत कुठे जाणार होतं ते सांगायला नको. मीही पुन्हा छाती उघडून घ्यायला तयार नव्हते.

ऑपरेशनचं मला आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बरं. त्यानंतरचं दवाखान्यातलं आयुष्य मात्र लख्ख आठवतं. पहाटे तापमान, मग रक्त, मग कॉफीची गाडी. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं. व्यायाम शिकवणारा धिप्पाड मुलगा रोज "आल्झो, चला, उठायचं" म्हणत यायचा आणि मी मनातल्या मनात त्याला नाशिकच्या शिव्या द्यायची. संध्याकाळी थंड जेवण: दोन पाव, चीजच्या चकत्या, एक आंबवलेली काकडी. मला कशाचीच चव लागत नव्हती. तोंडात सगळ्याला लोखंडाची चव. वरणभाताचा डबा मिलिंद आणायचा, तोही तसाच परत जायचा.

सई पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा लांबच उभी राहिली. मग हळूच जवळ आली, गाऊनवर कान ठेवला आणि म्हणाली, "मामा, डू टिक्स्ट." आई, तू टिकटिकतेस. खरंच टिकटिक ऐकू येत होती, घड्याळासारखी. तिने तिच्या वर्गात जाऊन सगळ्यांना सांगितलं.

त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. सातारा जिल्ह्यातल्या दहिवडीजवळच्या. माणदेशी, कोरड्या मुलखातल्या. सासरे गेल्यापासून एकट्या राहायच्या आणि विमानात प्रथमच बसल्या होत्या. म्युनिकच्या विमानतळावर त्यांची बॅग उघडायला लावली. त्यात हरभऱ्याचा वाळवलेला पाला होता, पिशव्या भरभरून. अधिकाऱ्याने तो हुंगला, दुसऱ्याला हुंगायला दिला. आई (सासूबाईंना मी आईच म्हणायची) त्याला मराठीत म्हणाल्या, "भाजी हाय बाबा. सून आजारी हाय." त्याला काय समजलं देव जाणे, पण त्याने बॅग बंद करून दिली.

टेबलावरची बाई

जर्मनीत अशा ऑपरेशननंतर तुम्हाला सरळ घरी धाडत नाहीत, रेहाला पाठवतात. बव्हेरियाच्या जंगलाच्या कडेला एक मोठी इमारत, तिथे आपल्यासारखेच छाती शिवलेले लोक सकाळ-संध्याकाळ चालायला शिकतात. जेवणाच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी तुम्हाला एक टेबल नेमून देतात. मुक्काम संपेपर्यंत तेच टेबल, तीच माणसं. आपल्याकडची लग्नं तरी याहून काय वेगळी ठरतात.

माझ्या वाट्याला फ्राउ हान आल्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, केस एकदम काळे. कोरियातून तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीत आल्या, इथेच लग्न केलं, नवरा वारला, मुलगा हांबुर्गला. घर रेगेन्सबर्गमध्येच, डॅन्यूबच्या पलीकडच्या काठाला. त्यांचं बायपास झालं होतं. पहिले दोन दिवस त्यांनी माझी तशीच परत जाणारी ताटं पाहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी एक थर्मास घेऊन आल्या.

थर्मासमध्ये चहा नव्हता. त्यांनी चमच्याने त्यातून हिरवट-काळी, मऊ झालेली पानं काढली, पिळली, त्यावर खिशातल्या बाटलीतून तिळासारख्या वासाचं तेल आणि सोया सॉसचे थेंब टाकले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "गोळी कोणती घेता?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या उकडलेल्या बटाट्यावर त्या भाजीच्या जेमतेम तीन-चार काड्या ठेवल्या.

लोखंडाची चव गेली. खरं सांगते, त्या घासाला मातीचा, पावसात भिजलेल्या गवताचा, कुठल्या तरी मळ्यातल्या न्याहारीचा वास होता. मी सगळा बटाटा संपवला. आजारपणात कुणी देवदूत भेटला असं लोक लिहितात. मला सोया सॉस खिशात घेऊन फिरणारी बाई भेटली.

भाजीचं नाव गोंद्रे. आपल्याकडचं आडनावच वाटतं. कोरियाच्या डोंगराळ भागातलं रानटी काटेरी झाड, पण वसंतात पानं कोवळी असतात तेव्हा काटे टोचत नाहीत. बायका डोंगरात जाऊन ती खुडतात, उकडतात आणि उन्हात वाळवून ठेवतात. फ्राउ हानची बहीण दर वर्षी पार्सल पाठवायची. "लोह आहे, कॅल्शियम आहे," त्या बोटांवर मोजत सांगायच्या. "पोट साफ राहतं, पचायला हलकं. म्हातारे, बाळंतिणी, आजारी, सगळे खातात. पण चमत्कार वगैरे नाही हं. भाजी आहे." त्यांच्या लहानपणी, युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत, घरात तांदूळ नसायचा. आई भांडंभर गोंद्रेत मूठभर तांदूळ टाकून शिजवायची. "तेव्हा मला त्याचा राग यायचा," त्या म्हणाल्या. "आता बहिणीचं पार्सल उघडलं की वास घेत बसते."

रेहातून निघायच्या आधी आहार समजावणारी तरुण बाई भेटली. तिने सांगितलं ते असं: पालेभाजीत एक जीवनसत्त्व असतं, ते रक्त घट्ट करतं, म्हणजे गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हणून खूप नको. पण बंदही नको. तिने आपली मूठ आवळून दाखवली. रोज एवढी, आणि रोज एवढीच.

एक मूठ

मी घरी आले आणि मिलिंदने आईंना तो नियम सांगितला: रोज एक मूठ. आईंना तो फार पटला. डॉक्टरांनी इतकं सरळ काही सांगावं याचंच त्यांना नवल. "मूठ म्हंजे मूठ. त्यात काय चुकायचंय," त्या म्हणाल्या.

मला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. मी सोफ्यावर बसायची आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. फ्राउ हान अधूनमधून येऊ लागल्या. आई त्यांना हानबाई म्हणायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी सोफ्यावरून थोडं जर्मनचं मराठी करायची, थोडं दोघी आपापल्या भाषेत बोलून भागवायच्या. एकदा आईंनी हरभऱ्याचा वाळला पाला परातीत ओतला. फ्राउ हाननी आपली गोंद्रेची पिशवी काढून शेजारी ओतली. दोघी वाकून बघत राहिल्या. आईंनी गोंद्रेचं पान बोटांत चुरलं, वास घेतला, जिभेवर ठेवलं. मग मला हाक मारली, "अगं मेधा, हे बघ. ह्यांच्यातबी वाळवत्यात." त्यांच्या आवाजात जो आनंद होता, तो त्यांना डॅन्यूब दाखवल्यावरही झाला नव्हता.

त्या दिवशी आई बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलल्या. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि घरी आल्यावर मडक्यातला वाळला पाला ताटात. हे त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी ते फ्राउ हानना जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी उठून आईंच्या चहात आणखी साखर घातली.

जाताना फ्राउ हान गोंद्रेची मोठी पिशवी ठेवून गेल्या आणि काही आठवडे मुलाकडे हांबुर्गला राहायला गेल्या. ऑपरेशनमुळे माझ्या अंगात रक्त कमी होतं आणि पालेभाजीने रक्त वाढतं हे आईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. मग एक दिवस हरभऱ्याचा पाला, एक दिवस गोंद्रे. कधी आमटीत, कधी थालीपिठात, कधी भातात. मी ताट पुसून खायची. गालावर रंग आला. मिलिंद आईंना म्हणाला, "तू आलीस आणि ही माणसात आली." मला आता त्या दिवसांची आठवण आली की आजारपण आठवतच नाही. खिडकीतून येणारं एप्रिलचं ऊन, ताटातलं गरम थालीपीठ आणि शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून "वास गिब्ट्स?", काय आहे जेवायला, असं विचारणारी सई आठवते. आई तिला मराठीत उत्तर द्यायच्या आणि दोघींचं छान चालायचं.

चूक कुठे होत होती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माणदेशात पालेभाजी वर्षातले बरेच महिने वाळलेलीच असते, आणि आईंनी ती आयुष्यभर वाळलेलीच मोजली होती. त्या रोज एक मूठ घ्यायच्या, इमानाने, एक पानही जास्त नाही. पण मूठभर वाळला पाला भिजून शिजला की पातेलंभर होतो. त्या रेहातल्या मुलीच्या डोळ्यांपुढे शिजलेल्या पालकाची मूठ होती.

रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा दर आठवड्याला तपासायचा असायचा. त्यात कळलंच असतं. पण मे महिन्यात जर्मनीत सुट्ट्यांवर सुट्ट्या येतात. गुरुवारची सुट्टी आली की शुक्रवार जोडून घेतात. डॉक्टरांचा दवाखाना बंद होता. मिलिंद म्हणाला, "पुढच्या आठवड्यात जाऊ. तब्येत तर मस्त आहे."

सुरी

सकाळची वेळ. बरी आहे म्हणून मी हट्टाने सईचा शाळेचा डबा भरत होते. पावाला लोणी लावताना हातातली सुरी पडली. मी उचलायला वाकले, तर उजव्या हाताची बोटं मिटेनात. हात माझाच होता, पण माझं ऐकत नव्हता. आई विचारत होत्या, "काय झालं गं?" मला सांगायचं होतं की हात उचलत नाही. तोंडातून जे आलं ते शब्द नव्हते.

आईंचा त्या वेळचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि मिलिंदला हाक मारली. तो अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत धावत आला. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्या माझा तो हात चोळत राहिल्या.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोटं हलायला लागली होती. दुपारपर्यंत शब्दही परत आले. झडपेवरून एक बारीकशी गुठळी सुटून मेंदूत गेली होती आणि माझं नशीब थोर म्हणून विरघळली होती. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा आकडा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "गेले काही आठवडे काय खाता आहात?"

मी सांगितलं. मिलिंद कॉरिडॉरमध्ये गेला. दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आई, तुला एक मूठ सांगितली होती ना?"

"एकच घालत हुते रे."

"मग हे कसं झालं? मारली असतीस तिला."

तो असा बोलणारा माणूस नव्हे. त्याला त्या क्षणी कुणावर तरी ओरडायचं होतं आणि समोर आई होती. त्याने नंतर खूप वेळा माफी मागितली. पण ते वाक्य आईंनी ऐकलं ते ऐकलंच.

फ्राउ हान कळताच हांबुर्गहून आल्या. दवाखान्यात माझ्या पलंगाशी आईंना बसवून त्यांनी खुणेने विचारलं, किती? आईंनी पिशवीतून वाळला पाला काढला आणि मूठ भरून दाखवली. फ्राउ हाननी डोळे मिटले. मग आपली मूठ आईंच्या मुठीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, माझ्या आईनेही हीच मूठ घेतली असती. मी पिशवी देताना हे सांगायला हवं होतं." मी सांगितलं. आई म्हणाल्या, "त्यांचा काय दोष. चूल माझ्या हातात हुती."

मी घरी आले तेव्हा दोन्ही पिशव्या नव्हत्या. आईंनी सगळा पाला, विमानातून आणलेला आणि हानबाईंनी दिलेला, खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला होता. दुष्काळात वाळल्या पाल्यावर जगलेल्या बाईने. त्यानंतर गावी परत जाईपर्यंत त्यांनी पातेल्यात कधी हिरवं टाकलं नाही. डॉक्टर भाजी खायला सांगतायत, हे मिलिंद परोपरीने समजावत होता. "तूच कर मग," एवढंच त्या म्हणायच्या. जूनमध्ये त्या परत गेल्या तेव्हा फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला होता, गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांवर झेंडे होते. गाडीतून त्यांनी वर पाहिलंही नाही.

भाजीवर बसवलेली गोळी

आता ज्यासाठी त्या म्युनिकच्या मुलीने मला लिहायला सांगितलं, ते. डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं ते मी साध्या मराठीत सांगते. भाजी बंद केली तर अंगातलं ते जीवनसत्त्व इतकं कमी होतं की पुढे लग्नात, सणात एक वाटी खाल्ली तरी आकडा उलटापालटा होतो. त्यापेक्षा रोज खा. शिजलेली, एक मूठ, रोज सारखी. मग त्या मुठीला धरून गोळीचं प्रमाण ठरवू. "औषध तुमच्या जेवणाप्रमाणे बेतायचं," त्या म्हणाल्या. "तुमचं जेवण औषधाप्रमाणे नाही." एकदा तसं बसवलं की मग मूठ चुकवायची नाही. जास्त खाल्ली तर गुठळीची भीती, आणि मधेच बंद केली तर रक्त फार पातळ होऊन रक्तस्रावाची भीती.

आपल्याकडे पथ्य म्हणजे बंद. जे सोसत नाही ते टाकून द्यायचं, आणि बरं वाटलं की पोटभर खायचं. रोज थोडं आणि रोज तेवढंच, हे आपल्या रक्तात नाही. मला ते शिकायला वेळ लागला. फ्राउ हाननी बहिणीकडून पुन्हा गोंद्रे मागवलं आणि मला शिजवलेल्या भाजीचे गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवायला शिकवलं. कधी गोंद्रे, कधी पालक, कधी बाजारात मिळालं तर मेथी. बाहेरगावी जाताना डब्यात एक गोळा घेऊनच निघायचं. आकडा जो बसला तो हलला नाही. भीती मात्र गेली नाही. अजूनही सुरी हातातून निसटली की मी आधी बोटं हलवून बघते.

शेवटचं एकत्र जेवण

आई पुन्हा आल्या त्या दोन वर्षांनी, उन्हाळ्यात. मिलिंदने खूप आग्रह केला म्हणून. त्या महिन्यात फ्राउ हान घर विकून कायमच्या कोरियाला, बहिणीकडे चालल्या होत्या. मी त्यांना आणि आईंना एकत्र जेवायला बसवायचं ठरवलं. फ्राउ हाननी गोंद्रेचा भात केला. भाताबरोबरच भाजी शिजते आणि वरून तिखट सोया सॉस घेतात. आईंनी भाकरी केली, आमटी केली. माझी मूठ मी वेगळी काढून ठेवली.

टेबलावर सगळ्यांना वाढलं. आईंच्या ताटाशी आले, तर त्यांनी ताटावर आडवा हात धरला. "मला साधा भात दे. ती भाजी पोटाला सोसत न्हाई आता."

सई नऊ वर्षांची झाली होती आणि तिला गप्प बसणं जमत नव्हतं. ती जर्मनमध्ये म्हणाली, "आजी कुठलीच पालेभाजी खात नाही. आम्ही दहिवडीला गेलो होतो तेव्हा पण नाही. मी बघितलंय."

मी आईंकडे पाहिलं. त्यांना जर्मन येत नव्हतं, पण नात काय बोलली ते कळलं असावं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

"आई, खरं सांगा."

"काय सांगायचंय त्यात. तू दवाखान्यात हुतीस तवा शिंगणापूरच्या महादेवाला सांगितलं. हिचा हात हलू दे, हिला बोलू दे, पालेभाजी सोडली म्हनून. त्यानं ऐकलं. झालं."

"किती दिवसांसाठी?"

"सोडली म्हंजे सोडली. त्याला दिवस असत्यात व्हय?"

मिलिंद ताटाकडे बघत होता. त्याचं ते कॉरिडॉरमधलं वाक्य त्याला पुन्हा ऐकू येत असणार. मला प्रचंड राग आला. कुणावर ते कळेना. दर हिवाळ्यात अंगणभर हरभऱ्याचा पाला वाळत घालणारी ही बाई दोन वर्षं तिखट-मीठ-भाकरी खात होती, आणि मी इथे तिच्याच चवीची भाजी रोज मोजून, चवीने खात होते. एकीने खायचं, दुसरीने सोडायचं. हा कसला न्याय?

मी माझी वाटी उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. "मग मीही आजपासून सोडते."

"खुळ्यागत करू नकोस," आई म्हणाल्या. "तुझी गोळी त्या भाजीवर बसवलीय. तू भाजी सोडलीस तर रक्त लई पातळ हुईल."

"होऊ दे."

"मेधा," मिलिंद म्हणाला, "असं कसं बोलतेस?"

"तू थांब. हे माझं आणि आईंचं आहे."

सई फ्राउ हानना हळूच सगळं जर्मनमध्ये सांगत होती. फ्राउ हान चॉपस्टिक खाली ठेवून ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नर्सच्या नात्याने त्यांनी मला दटावायला हवं होतं. त्यांनी दटावलं नाही.

"देवाला दिलेला शबूद हाय माझा," आई म्हणाल्या.

"महादेवाला सांगा, सुनेने मोडायला लावला. जे काय पाप असेल ते माझ्या नावावर. पण मी रोज एकटी नाही खाणार, आई. तुम्ही उपाशी आणि मी भरल्या ताटावर, असं मला नको. तुम्ही माझा हात चोळत बसला होतात. मला मारलं कुणी नव्हतं. तुम्ही मला माणसात आणलं होतं."

आईंनी माझ्या वाटीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. माझी जेवणानंतरची गोळी कधी असते ते त्यांना पाठ होतं. मग त्यांनी डोळे मिटून हात जोडले, ओठ हलले, आणि आपलं ताट पुढे सरकवलं. मी वाढलं. त्यांनी भाकरीच्या तुकड्यात ती भाजी धरली, तोंडात घातली आणि सावकाश, फार सावकाश चावून गिळली.

डोळे पदराला पुसले आणि वाटी माझ्यापुढे ढकलली.

"खा आता," त्या म्हणाल्या. "गार हुतंय."